सहाव्या पानावरचा बगळा

चट्.

ओल्या पाटावरून वाटी उचलावी, तेवढाच आवाज. पण त्या घटकेला पुढच्या खोलीत कोणी मोठ्याने श्वासही घेत नव्हतं, म्हणून तो सगळ्यांना ऐकू गेला.

पडद्याचं सहावं पान नुकतंच उघडलं होतं. एका टोकाला मोतोहारू, दुसऱ्या टोकाला त्याची आई त्सुरुयो, दोघंही गुडघ्यांवर. निवा घराण्यातला, एका जुन्या नामांकित चित्रकाराच्या हातचा हा सोनेरी घडीचा पडदा वर्षातून एकदाच पेटीबाहेर यायचा. सणाच्या आदल्या दिवशी दुपारी तो उभा करायचा आणि कंदील लागले की रस्त्याकडची लाकडी जाळी काढून साऱ्या क्योतोला दाखवायचा. उघडताना बोलायचं नाही, हा या घरातला शिरस्ता. बोललं की थुंकी उडते.

पाच वर्षांची नाओ बोलली नव्हतीच. ती उठून सहाव्या पानापाशी गेली होती. उजव्या हातात काडीवरचा साखरेचा पाक, आणि पाकाने चिकट झालेला डावा हात बगळ्याच्या डोक्यावरच्या मोकळ्या सोन्यावर टेकवून ती त्याच्या डोळ्यांत बघत होती. चिसेने लेकीला हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात नाओने हात काढला.

"आई, बघ," तळहात पुढे करून नाओ म्हणाली, "निघालं."

तळहात अख्खा सोन्याचा झाला होता. बोटांच्या पेरांपर्यंत.

त्सुरुयोने नातीकडे पाहिलं नाही, पडद्याकडेही नाही. तिने सुनेकडे पाहिलं.

"चिसे, कानाझावाला वर्ख असा काढतात होय? पाकाने?" आवाज अगदी मऊ होता. "आम्ही आपलं ऐकून होतो, चिमटा लागतो म्हणून. वर्ख कुटणाऱ्यांच्या घरातली सून आणली, तेव्हा वाटलं होतं, सोन्याची कदर करेल. तुमच्याकडे ते पसाभर पडलेलं असतं ना, म्हणून पोरींना हात पुसायला देत असाल."

"आई, मी..."

"नको. तू काही बोलू नकोस. पाक तूच दिला होतास ना तिला, गप्प बसावी म्हणून? बसली की गप्प."

आतल्या खोलीतून त्सुरुयोच्या नणंदेचा, फुमिएचा आवाज आला. "वहिनी, काय वाजलं?"

"डास होता, वन्सं," त्सुरुयो गोड आवाजात म्हणाली.

"मेला का?"

"कुठला! बसलाय अजून. जाईल संध्याकाळपर्यंत."

मोतोहारूने खाली मान घातली. त्याचा स्वभावच तसा होता. घरात विजा कडाडू लागल्या की तो चटईच्या कडा मोजायचा.

"तू आत जा," त्सुरुयो मुलाला हळूच म्हणाली. "आत्यापाशी बस. तिला हलू देऊ नकोस. तेवढं तरी जमेल ना?"

बाहेर गल्लीच्या तोंडाशी उभ्या रथावर घंटांचा सराव चालू होता. कोन्-चिकि-चिन्, कोन्-चिकि-चिन्. जाळी उघडायला दुपारचा उरलेला तुकडा तेवढा हाताशी होता.

*

फुमिए आत्याला सासर ओसाकात मिळालं होतं. घर मोठं, दुकान त्याहून मोठं, आणि आवाज दोन्हींहून मोठा. पण ती जन्माने याच घरातली होती, याच आतल्या खोलीत वाढली होती, त्यामुळे क्योतोतली बोचरी गोडी तिला वहिनीपेक्षा दोन बोटं जास्तच यायची.

"मोतोहारू, तुझे केस पातळ झाले रे," ती म्हणाली. "वडिलांवर गेलास. विचार करून करून. की न करता?"

"घ्या ना आत्या, जवाचा चहा घ्या."

"घेतला की. घशापर्यंत आलाय." ती पंख्याने वारा घेत होती. "येत्या पानगळीत आमच्या धाकट्या नातवाचं लग्न. नवरा-नवरीच्या मागे सोन्याचा पडदा लागतो. हॉटेलवाले देतात, पण त्यांचं ते पितळी सोनं! म्हटलं, घरचा असताना परक्याचा कशाला. तर तुझी आई म्हणते, प्रवासाने पडद्याला सर्दी होते."

"आईला काळजी वाटते."

"आईला काळजी! आणि मला काय? माझे वडील काय म्हणाले होते, ठाऊक आहे ना तुला?"

मोतोहारूला ठाऊक होतं. घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. फुमिए लग्न होऊन निघाली, तेव्हा पडद्याला धरून रडत बसली. बाप म्हणाला, रडू नकोस. सणाच्या आदल्या संध्याकाळी ज्या वर्षी या घराची जाळी उघडणार नाही, त्या वर्षापासून पडदा तुझ्या घरी. सगळ्या भावकीसमोर म्हणाला. युद्धाच्या वर्षांतही दिवे झाकून जाळी उघडणारं हे घर. त्याला वाटलं असेल, असं वर्ष येतंय कुठलं. पोरीची समजूत घालायला बोललेला शब्द पोरीने गाठीला बांधला आणि त्यानंतर दर वर्षी जातीने बघायला आली, जाळी उघडते का ते.

खरं सांगायचं तर तिला पूर्ण पडद्याचंही वेड नव्हतं. पहिली पाच पानं ती भराभर ओलांडायची. जीव अडकला होता तो सहाव्यात. लव्हाळ्यात एका पायावर उभा, मान जराशी मागे वळवलेला तो बगळा. कोणीतरी हाक मारली आणि त्याने ओ दिली नाही, असा. दर वर्षी ती त्याच्यापुढे बसायची, डोळे पुसायची आणि म्हणायची, "असे हात आता होणे नाहीत." मागे चिसे उभी असेल तर मान वळवून तिलाही ऐकवायची, "तू चित्रकला शिकली होतीस ना गं? बघून घे. शिकून येत नाही ते."

दार सरकवून त्सुरुयो दारातच बसली. अदबीने हात टेकवले.

"वन्सं, उशीर होतोय तुम्हाला. थोडा चहा-भात तरी वाढू का?"

आमच्या गावात चहा-भात विचारला की पाहुण्याने चपला शोधायच्या असतात. मोतोहारूचा जीव भांड्यात पडला, पण भांडं पालथं होतं.

"वाढा की," फुमिए म्हणाली. "दोन वाट्या. आणि हामो मासा आणलाय म्हणे बाजारातून, तोही वाढा. आंबट आलुबुखाराबरोबर."

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. इतक्या छान हसल्या की मोतोहारूला घाम फुटला.

"आणते," म्हणत त्सुरुयो उठली. फुमिएचं नाक हललं.

"वास कसला येतोय?"

"कसला?"

"कातडं उकळल्यासारखा."

"हामोची डोकी शिजवतेय," त्सुरुयो म्हणाली. "तुम्हाला आवडतात ना डोकी खायला."

*

उकळत होता तो वर्ख चिकटवायचा सरस.

चिसे पुढच्या खोलीत पडद्यासमोर बसून होती. नाओला तिने कोपऱ्यात बसवलं होतं, सोनेरी हात पालथा मांडीवर ठेवून. धुवायचा नाही, पुसायचा नाही, हलायचं नाही. बगळ्याच्या डोक्यावर आता पाच बोटांचा एक फिकट ठसा उमटला होता, त्यातून कागदावरचा पिवळ्या मातीचा थर दिसत होता.

सासू मागून येऊन बसली. मांडीवर एक चपटी लाकडी पेटी. त्यात बांबूचा चिमटा, मऊ केसांचा रुंद कुंचला, आणि पातळ कागदांच्या घड्यांत वर्ख. फार नाही, थोडेच. कागद जुने, कडांना तपकिरी झालेले.

चिसेने वर्ख बघितला, मग पडद्याकडे बघितलं, आणि गेली कित्येक वर्षं मनात दडपून ठेवलेली गोष्ट तिच्या घशाशी आली.

पहिल्याच सणाला, नवी नवरी असताना, हा पडदा मऊ फडक्याने झटकताना तिला ती दिसली होती. सोन्याचा वर्ख चौकोनी तुकड्यांनी लावतात, एकाची कड दुसऱ्यावर किंचित चढवून. त्या सांध्यांच्या रेघा जन्मभर दिसतात. पाच पानांवरचे चौकोन लहान होते, जुन्या काळी कुटायचे तेवढे. सहाव्यावरचे बोटभर मोठे होते. तिच्या बापाच्या कारखान्यात कुटतात, तेवढे. म्हणजे सहावं पान मागाहून केलेलं. तिला वाटलं, सासऱ्यांनी कधीतरी अडचणीत खरं पान विकलं असेल. कोणाला विचारणार? माहेरी बापालाही तिने सांगितलं नाही. आणि दर वर्षी फुमिए आत्या त्या बगळ्यासमोर डोळे पुसायची, तेव्हा चिसेला हसू यायचं, मग त्या हसण्याची लाज वाटायची. कारण बगळा खोटा असेल, पण चांगला होता. फार चांगला होता. ती स्वतः शंभर कागद फाडूनही तशी मान वळवू शकली नव्हती.

या पेटीतले वर्ख त्या मोठ्या मापाचे होते.

"आई," ती म्हणाली, "हे पान तुम्ही..."

"पंखा बंद कर," त्सुरुयो म्हणाली. "आणि तोंडही."

चिसेने पंखा बंद केला. खोलीत उकाडा दाटला. त्सुरुयोने उघड्या पडलेल्या जागेवर सरसाचा पातळ हात फिरवला. मनगट म्हातारं होतं, फिरवणं म्हातारं नव्हतं.

"बघतेस काय? पंखेवाल्याची मुलगी आहे मी. हातपंख्यांवर बगळे काढून काढून आमच्या घरी भात शिजायचा. लग्न झालं त्या दिवशी सासूने माझे कुंचले माहेरी परत पाठवले. म्हणाली, सुनेने रंग लावायचा तो ओठांना."

हेच वाक्य चिसेने या घरात आल्यापासून ऐकलं होतं. त्सुरुयोच्या तोंडून.

"आणि तू समजतेस मला काही कळत नाही," सासू पुढे म्हणाली. "नाओ दुपारी झोपली की कोठाराचं दार कुरकुरतं. मी बहिरी नाही. दाराला मेण तरी लावावं माणसाने. हं, हात दे. माझा आता कापतो. वर्ख तू ठेव. की तुम्हा कानाझावाच्या लोकांना नुसता कुटताच येतो?"

चिसेने चिमटा घेतला. पहिला चौकोन उचलला. सोनं इतकं हलकं की कागदावरून उठताना ते एखाद्या झोपलेल्या जिवासारखं हललं. तिने श्वास रोखला. सासूने रोखला. कोपऱ्यात नाओने गाल फुगवून दोघींचा मिळून एक रोखला. चौकोन बसला. दुसरा बसला.

तिसरा चिमट्यात अधांतरी होता, तेव्हा दार धाडकन सरकलं.

"हामोची डोकी म्हणे! सरस आहे हा, सरस! मी याच घरात..."

तिसरा चौकोन चिमट्यातून सुटला. तो वर गेला, दिव्याखाली एकदा उलटला, आणि सावकाश, अगदी मानाने, फुमिए आत्याच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन बसला.

कोणी हसलं नाही. मोतोहारू तिच्यामागे उभा होता. त्याला दिसलं नाही हे त्याचं नशीब.

फुमिएने पडदा बघितला. कोपऱ्यातली पोर बघितली, तिचा हात बघितला. मग तिचा चेहरा उजळला. नाकासकट.

"वा! निवांच्या घरात मुलींचे हात सोन्याचे झाले. दादा असता तर धन्य झाला असता." ती खाली बसली, नीट, पाय दुमडून. "वहिनी, उगाच ठिगळं लावू नका. असल्या पडद्यापुढची जाळी उघडणार? लोक थुंकतील. वडिलांचा शब्द आहे. मोतोहारू, आमच्याकडे फोन लाव, उद्या सकाळी गाडी पाठवायला सांग. अरे, त्या हातांचं काम होतं ते! त्या हातांचं! आणि या पोरीने त्यावर चिकट पंजा मारला. कशी वाढवलीत मुलं, तेवढं तरी विचारू का? का त्यालाही चहा-भात?"

"नाओला काही बोलू नका, आत्या," चिसे म्हणाली. "पाक मी दिला होता. जे काय म्हणायचं ते मला म्हणा."

"तुला म्हणून काय उपयोग? तू कालची. तुला काय ठाऊक या पडद्यात काय गेलंय ते!"

"तिला ठाऊक आहे," त्सुरुयो म्हणाली. "ठाऊक नाही ते तुम्हाला, वन्सं."

तिने चिमटा पेटीत ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

"तुमच्या आई गेल्या ते आठवतं? याच महिन्यात, सण उरकल्यावर. असाच उकाडा. रिवाजाप्रमाणे उशाशी पडदा उलटा लावायचा, वरचं खाली करून. कोठारात एक साधा कागदी होता. मी तोच काढला. तुम्ही म्हणालात..."

"मी म्हणाले, माझ्या आईच्या उशाशी असलं फाटकं नको," फुमिए म्हणाली. "सोन्याचा लावा. बरोबरच म्हणाले. लोक येणार होते."

"लोक आले. बर्फही आला, देहाभोवती ठेवायला. रात्रभर वितळला. शेवटच्या पानाचं डोकं पाण्यात उभं होतं, वन्सं. सकाळी पेटीत ठेवताना सोनं गाळासारखं हातात आलं. बगळ्याची मानच उरली नव्हती."

बाहेर घंटा थांबल्या. बहुधा वाजवणारे पाणी प्यायला बसले होते.

"तुमचे दादा रडले. म्हणाले, फुमीला कळलं तर ती जिवाचं बरंवाईट करील. मी म्हटलं, ती कसली करते! पण ते ऐकेनात. ज्या घराने माझे कुंचले दिवसाढवळ्या परत पाठवले होते, त्या घराने ते मागच्या दाराने परत आणवले. अख्खा हिवाळा मी कोठारात बसले. हा तुमचा मोतोहारू तेव्हा रांगत होता. त्याला किमोनोच्या ओबीने खांबाला बांधायची आणि बगळा काढायची. तो रडला की दूध पाजायची, झोपला की पुन्हा बगळा. जुन्या पानावरचा त्या चित्रकाराचा शिक्का तेवढा शाबूत होता. उलटा लावल्यामुळे तो वर राहिला होता ना. तो कापून माझ्या पानावर चिकटवला." तिने नणंदेकडे पाहिलं, गोड हसली. "आणि तेव्हापासून दर वर्षी तुम्ही इथे बसून म्हणता, असे हात आता होणे नाहीत. मीही मान डोलवते. मला तरी कुठे पटत होतं, की होणे आहेत?"

आपल्या आईचे ते दोन दिवस फुमिएसमोर उभे राहिले: रांगेने येऊन वाकून गेलेले लोक, त्या लोकांनी आधी पडद्याकडे आणि मग आईकडे टाकलेल्या नजरा, आणि त्या नजरांनी आपल्याला झालेलं समाधान. कोणीतरी, बहुधा हीच वहिनी, हळूच म्हणाली होती की चटई ओली होतेय. आपण काय म्हणालो होतो? आता चटयांची काळजी करायची वेळ आहे का, असंच काहीतरी.

एवढी वर्षं हिच्या हातात हे शस्त्र होतं, आणि हिने ते उपसलं नाही. फुमिएला राग आला तो याचा. उपकाराचा.

ती गुडघ्यांवर सरकत सहाव्या पानाजवळ गेली. बराच वेळ बघत राहिली.

"तरीच," ती शेवटी म्हणाली. "तरीच मला नेहमी वाटायचं, हा बगळा तुमच्यासारखा बघतो. हाक मारा, मारा. ओ म्हणून देणार नाही."

"गर्विष्ठ आहे खरा."

"आणि मागून जरा जाडा आहे."

"तेव्हा मी बाळंतीण होते, वन्सं. समोर जे होतं ते काढलं."

मोतोहारूच्या घशातून एक चमत्कारिक आवाज निघाला. त्याने तो खोकल्यात जमा केला.

फुमिएने नाक पुसायला हात वर केला.

"हलू नका!" चिसे ओरडली. या घरात ती पहिल्यांदाच ओरडली. "तो चौकोन लागणार आहे. थोडेच उरलेत."

आणि ओसाकाच्या त्या मोठ्या दुकानाची मालकीण डोळे मिटून, मान वर करून, तोंड बंद करून बसली. चिसेने श्वास रोखून तिच्या नाकावरचं सोनं मऊ कुंचल्याने अलगद उचललं आणि बगळ्याच्या डोक्यावर ठेवलं. ते फाटकं बसलं, पण बसलं.

*

नवं सोनं जुन्यापेक्षा चमकतं. "उद्या चहाचं पाणी मारून मळवू," त्सुरुयो म्हणाली. आज सणाच्या केशरी फुलांची उंच कुंडी त्या पानासमोर आली आणि कंदील दुसऱ्या टोकाला सरकला. कुंडी कुठे ठेवायची यावरून दोघी पुन्हा भांडल्या. फुमिएने ती अखेर आपल्या मनासारखी ठेवली. सावली नेमकी पाच बोटांवर पडली.

"लग्नाला सहावं पान एकटं येत नाही," त्सुरुयो म्हणाली. "सहाच्या सहा येतील. आणि पडद्याबरोबर चिसे येईल. तुमच्याकडच्या कोणी हात लावला तर तिला कळलं पाहिजे."

"येऊ दे की. खायला घालू. कानाझावाला काय खातात कोण जाणे."

मोतोहारूने जाळी काढली. गल्ली लोकांनी भरली होती. पंखे हलत होते, पोरं खांद्यांवर होती, रथावरच्या घंटा पुन्हा सुरू झाल्या होत्या. एक म्हातारा गृहस्थ उंबऱ्याशी थांबला, चष्मा पुसून वाकला, आणि शेवटच्या पानापाशी त्याचा श्वास अडकला.

"काय हात होता हो त्यांचा!" तो म्हणाला. "हा बगळा बघायला मी दर वर्षी येतो."

त्सुरुयोने नम्रपणे मान झुकवली. फुमिए पंख्याआडून म्हणाली, "हो ना. पण माणूस फार तिरसट होता म्हणतात. घरच्यांना जगू द्यायचा नाही."

दोघी समोर बघत राहिल्या. खांद्याला खांदा लागला होता. कोणीच सरकलं नाही.

चिसे मागे, काळोखाच्या कडेला, नाओला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीने हात अजून धुवू दिला नव्हता. मूठ उघडायची, कंदिलाच्या उजेडात धरायची, मिटायची. चिसेने तिच्या घामेजल्या केसांवर हनुवटी टेकवली. संध्याकाळ निभावली होती. पडदा घरात राहिला होता. उद्या कोठाराच्या दाराला मेण लावायचं होतं.

"आई," नाओ कुजबुजली, "बगळा आजीने काढला ना?"

"श्श. हळू."

"मग खाली त्या जुन्या चित्रकार आजोबांचा शिक्का का?"

चिसेने तिला आणखी जवळ घेतलं. नाओ जरा वेळ थांबली, सोनेरी तळहात आईच्या गालावर ठेवला, आणि तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई, मी झोपले की तू कोठारात काढतेस ना, त्या चित्रांवर कोणाचा मारायचा?"